एफिशियंट की इफेक्टिव्ह? इंग्रजी अर्जात कुठला शब्द घ्यायचा

गोव्यात फोंडा-डिचोली भागात मराठी शाळेत शिकलेली मुलं पुढे इंग्रजीत नोकरीचा अर्ज करायला बसली की एफिशियंट हा शब्द हमखास येतो, बचत गटांच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्येपण तेच, आणि बहुतेक वेळा तिथे खरं तर इफेक्टिव्ह हवा असतो. मराठीत आपण कार्यक्षम आणि परिणामकारक यांत गल्लत करत नाही, मग इंग्रजीत का करायची?

दोन्ही शब्दांचं मूळ एकच, लॅटिनमधलं एफिकेरे हे क्रियापद. एक्स म्हणजे बाहेर आणि फाकेरे म्हणजे करणे, दोन्ही मिळून अर्थ होतो पार पाडणे, घडवून आणणे. त्याचं एक रूप एफिकिएन्स, म्हणजे घडवून आणणारा, आणि दुसरं एफेक्तुस, म्हणजे घडून गेलेलं. पहिल्यातून एफिशियंट आला, दुसऱ्यातून इफेक्ट आणि इफेक्टिव्ह. म्हणजे एकाची नजर करणाऱ्यावर आणि दुसऱ्याची काम झाल्यावर हातात काय पडलं त्यावर, हा फरक मुळातच आहे.

पण वेळ, पैसा, वीज वाचवणं हा अर्थ एफिशियंटला सुरुवातीला नव्हताच. इंग्रजीत तो 14व्या शतकात आला तो तत्त्वज्ञानातून. अॅरिस्टॉटलने कुठल्याही वस्तूमागे चार कारणं सांगितलीत. आपल्याकडे चवथीआधी चित्रशाळेत जाऊन बघा, चिकणमाती हे एक कारण, मूर्तीचा आकार दुसरं, पूजा हा हेतू तिसरं आणि मूर्ती घडवणारा मूर्तिकार तो एफिशियंट कॉज! त्याने माती किती वाया घालवली याच्याशी या अर्थाचा काही संबंध नाही.

हिशेब आला तो 19व्या शतकात, स्टीम इंजिनांमुळे. कोळसा महाग, म्हणून घातलेल्या उष्णतेतून उपयोगी काम किती निघतं हा प्रश्न इंजिनिअरांना पडला, 1824 मध्ये फ्रान्सच्या सादी कार्नोने दाखवलं की त्याला मर्यादा असते, आणि पुढे एफिशियन्सी म्हणजे मिळालेलं भागिले घातलेलं असा सरळ भागाकारच झाला. नंतर अमेरिकेत फ्रेडरिक टेलरने कारखान्यात स्टॉपवॉच लावून कामगारांची कामं मोजली, 1911 च्या आसपास या विचाराचा बराच गाजावाजा झाला आणि यंत्राचा शब्द माणसांना चिकटला. हे मला अजूनही थोडं खटकतं, पण आता तो रुळलाय.

म्हणून माझं मत असं की एफिशियंट लिहायचा तर शेजारी आकडा हवाच, काय घातलं आणि काय मिळालं. 9 वॅटचा एलईडी साधारण जुन्या 60 वॅटच्या बल्बाएवढा उजेड देतो, तो एफिशियंट. समजा गटाने कोकमाची सोलं सुकवायला नवीन ड्रायर घेतला, तर तेवढीच सोलं कमी इंधनात सुकली तर ड्रायर एफिशियंट, आणि पावसातपण सोलांना बुरशी आली नाही तर ती पद्धत इफेक्टिव्ह, मग त्याला लाकडं जास्त का लागेनात. दोन्ही झालं असेल तर दोन्ही लिहा, पण वेगवेगळ्या वाक्यात, प्रत्येकाचा पुरावा वेगळा असतो ना.

शिकवणं, आरोग्य, समाजकार्य यात मी डोळे झाकून इफेक्टिव्ह घेईन. मूल वाचायला शिकलं की नाही हे महत्त्वाचं, किती कमी मिनिटांत ते नंतर. अकाउंट्स, स्टोअर, गाड्यांचं शेड्युल असलं काम असेल तर एफिशियंट शोभतो. सरकारी ऑर्डरमधली 'लागू होण्याची तारीख' मात्र कायम इफेक्टिव्हच, तिथे पर्याय नाही.

घरात आजोबांचे पोर्तुगीज काळातले कागद असतील आणि त्यांचं इंग्रजी करायचं असेल तर एक सांभाळा. पोर्तुगीजमध्ये एफिसिएंत म्हणजे एफिशियंट हे सरळ आहे, पण इफेक्टिव्हला तिकडे एफिकाश म्हणतात. एफेतीव्हु दिसायला इफेक्टिव्हसारखा आहे, पण नोकरीच्या कागदावर त्याचा अर्थ कायम नेमणुकीवरचा, त्यामुळे शिक्षकाच्या नावापुढे तो असेल तर इंग्रजीत पर्मनंट लिहा.