सोयाबीनवर तणनाशकाआधी सॅलिसिलिक ॲसिड: एका खरिपाचा अनुभव

फोमेसाफेनवालं तणनाशक मारलं की तिसऱ्या दिवशी सोयाबीन भाजल्यासारखं दिसतं. पानांवर तांबूस ठिपके, शेंडा आक्रसलेला, आणि बांधावरून जाणारा प्रत्येकजण विचारतो, "काय मारलंस रे?" म्हणून यंदा फुले संगम या सोयाबीनच्या वाणावर दोन दिवस आधी सॅलिसिलिक ॲसिड (बचावासाठी रोपं स्वतःही बनवतात ते आम्ल) मारून पाहिलं.

15 लिटरच्या पंपाला 1 ग्रॅम घेतलं. एवढं मोजायचं कशावर? शेवटी सोनाराकडून एकेक ग्रॅमच्या पुड्या बांधून आणल्या, तो हसत होता. पूड गार पाण्यात नीट विरघळत नाही. पहिल्या दिवशी नोझल तीनदा चोक झालं. नंतर तांब्याभर कढत पाण्यात विरघळवून, कपड्याने गाळून पंपात ओतलं.

हे तणनाशक पानात हरितद्रव्य बनायची वाट मधेच अडवतं. अडून साचलेलं द्रव्य ऊन लागलं की ऑक्सिजनला असं खवळवतं की पेशींची आवरणं फाटतात. म्हणूनच कडक उन्हात डाग जास्त. सोयाबीन तगतं, कारण त्याच्यातलं होमोग्लुटाथिऑन नावाचं द्रव्य तणनाशकाला चिकटून ते निकामी करतं. ॲसिडने पिकाची बचावाची तयारी आधीच व्हावी, एवढाच हिशेब.

मधले सहा तास, म्हणजे पिकाच्या ओळी, ॲसिडविना ठेवले होते. तिथे डाग ठळक दिसले. बाकी रानात कमी, आणि नवं पान दोन-तीन दिवस लवकर सरळ निघालं. पण वळताना जिथे तणनाशकाचा दुबार पट्टा पडला, तिथे ॲसिड असो-नसो, सारखंच करपलं. ऑगस्टअखेर ते सहा तास शोधूनही ओळखू येईनात. ऑक्टोबरात वेगळे काढले, उताऱ्यात सांगण्यासारखा फरक नाही.

एक खटकलं. ॲसिड तणावरही पडतंच. भातावरच्या प्रेटिलाक्लोर या तणनाशकात फेनक्लोरिम नावाचं रक्षक द्रव्य घातलेलं मिळतं, ते भाताला सांभाळतं, तणाला सोडत नाही. इथे तशी निवड नाही. केना हे तण यंदाही उरलं, पण ते दरवर्षीच उरतं, त्याचा आळ ॲसिडवर घेत नाही.

पूड स्वस्त आहे, जड जाते ती जादा फवारणीची मजुरी. सात पुड्या शिल्लक आहेत. पुढच्या वर्षी त्या फक्त माळाकडच्या हलक्या तुकड्यावर, जिथे पाऊस ओढला की पीक तणनाशकाआधीच मान टाकतं.