बेअरिंगला कान लावणारं किट, आणि खोक्यावरची थाप

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत माझं मोटार रिवाइंडिंगचं काम आहे. बेअरिंग कुरकुरतंय का हे बघायला आम्ही अजूनही स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीच्या अंगावर टेकवतो आणि मूठ कानाला लावतो. हेच काम बिनतारी करणारं किट भाच्याने श्रावणात ऑनलाइन मागवलं, १,८५० रुपयांना. पितळी चकतीवरचा २७ मिलिमीटरचा पिएझो (ठोका किंवा थरथर बसली की वीज देणारं सिरॅमिक), एसएक्स १२६२ चिपचा लोरा रेडिओ (छोटे संदेश कमी विजेत लांबवर धाडणारा), एक मायक्रोकंट्रोलर. खोक्यावर ठळक अक्षरांत 'बॅटरीशिवाय चालते'.

नाही चालत. या चकतीची कपॅसिटन्स, म्हणजे वीज साठवायची ताकद, साधारण २० नॅनोफॅरड. टिचकी मारून ३० व्होल्ट निघाले तरी साठतात ९ मायक्रोज्यूल. हाच रेडिओ पूर्ण ताकदीने दहा बाइटचा संदेश पाठवताना ४१ मिलिसेकंद ११८ मिलिअँपिअर खातो, म्हणजे ३.३ व्होल्टवर सोळाएक मिलिज्यूल. वाटेत काहीच वाया गेलं नाही असं धरलं तरी पावणेदोन हजार टिचक्या! मोटार तर सतत थरथरते, भरेल की मामा, असं भाचा म्हणाला. पण मोटारीच्या अंगावर ३० व्होल्ट कुठले? ऑसिलोस्कोपवर अर्धा व्होल्टसुद्धा धड दिसेना, आणि ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाने घटते.

मग गपचूप २,६०० एमएएचची सेल लावली. ती तीन आठवड्यांत झोपली. आधी मी पिएझोलाच शिव्या घातल्या. मीटर लावल्यावर कळलं, रेडिओ झोपेत एक मायक्रोअँपिअरही घेत नाही, पण बोर्डावरचा १११७ जातीचा रेग्युलेटर (व्होल्टेज कायम ठेवणारी चिप) एकटा ५ मिलिअँपिअर गिळतोय. नोकर सगळे झोपलेत आणि रखवालदार रात्रभर जेवतोय, असला प्रकार. तो काढून काही मायक्रोअँपिअरवर भागणारा बसवला, लाल एलईडी उपटला. गणपतीत घातलेली सेल उत्तरायण, म्हणजे संक्रांत, उलटलं तरी चालू आहे.

बरं ते बरं म्हणायला हवं. पिएझोला समांतर १ मेगाओहमचा रेझिस्टर आणि झेनर (जादा व्होल्टेज अडवणारा डायोड) आधीच दिलाय. तो नसता तर एका ठोक्यात कंट्रोलरचा पाय (पिन) गेला असता. सोबतची दुहेरी टेप मात्र फेकून द्या. बेअरिंगची बारीक, वरच्या पट्टीतली थरथर ती टेपच पिऊन टाकते. रंग खरवडून अरल्डाइटने चिकटवलं तेव्हा आवाज नीट आला. वायर तुटली तर डाग पटकन द्या, लोखंडी इस्त्रीसारखी सोल्डरिंग गन दाबून धरलात तर सिरॅमिकवरचा चांदीचा थर सुटतो. प्रोग्रॅमही ठोका बसला की जागं व्हायचा होता. दरवाजाला ठीक, मोटारीला नाही, ती तर दिवसभर ठोकतच असते. आम्ही दर पंधरा मिनिटांनी एक सेकंद ऐकायचं आणि पातळी वाढली तरच बोलायचं, असं बदलून घेतलं.

रेंज. खोक्यावर १५ किलोमीटर. उत्तरायणला सूरसागरजवळच्या आमच्या गच्चीवर रिसीव्हर ठेवून भाच्याला स्कूटरवर पिटाळलं. एसएफ म्हणजे लोराचा स्प्रेडिंग फॅक्टर, आकडा जितका मोठा तितका संदेश सावकाश पण लांब जातो. एसएफ ७ वर मांडवी ओलांडताच गप्प. एसएफ १० वर कमाटीबागेच्या दारापर्यंत पोचला. एसएफ १२ वर अजून जाईल, पण ४१ मिलिसेकंदांचा तोच संदेश जवळजवळ एक सेकंद घेतो, बॅटरी चोविसपट. त्यात डबीतला अँटेना ४३३ मेगाहर्ट्झचा निघाला, आपल्याकडे लोरा ८६५च्या पट्ट्यात. साडेआठ सेंटिमीटर तांब्याची तार कापून लावली, काम झालं. वर्कशॉपच्या पत्र्याच्या शेडमधून तीनशे मीटरला एसएफ ७ पुरतं, फक्त तार पत्र्याच्या बाहेर हवी.

सोल्डरिंग येत असेल तर घ्या, पाचपैकी तीन. येत नसेल तर स्क्रूड्रायव्हर बरा. मला अजून दोन मोटारींना लावायचंय, पण आता रेडिओ आणि चकत्या सुट्या घेणार, बोर्ड घरी बनवणार.