जुना अँड्रॉइड फोन की टी-बीम बोर्ड?

लाइव्ह लोकेशनसाठी घरातला जुना फोन जवळजवळ फुकटात पडतो. त्यात ओनट्रॅक्स हे ॲप टाकलं की ठिकाण स्वतःच्या सर्व्हरवर जातं. घोळ एवढाच, की अँड्रॉइड मागे चालणारं ॲप झोपवतं; सेटिंगमध्ये त्याच्यावरचं बॅटरीचं बंधन काढा. मोबाइलची रेंज गेली की थेट माग थांबतो.

टी-बीम या छोट्या बोर्डवर ईएसपी३२ ही चिप, जीपीएस आणि लोरा हा लांब पल्ल्याचा रेडिओ एकत्र असतात. मेशटॅस्टिक हे तयार सॉफ्टवेअर चढवा किंवा आर्डुइनो या कोडिंगच्या साधनात स्वतःचा कोड लिहा. सिम नको, पण समोर दुसरा संच हवाच. भारतासाठी ८६८ मेगाहर्ट्‌झचं मॉडेल घ्या, मेशटॅस्टिकच्या सेटिंगमध्ये रीजन ‘इंडिया’ ठेवा. अँटेनाशिवाय चालू केलं तर रेडिओ जळू शकतो. त्याची बॅटरी, म्हणजे १८६५० सेल, उलटा बसला तर बोर्डच जळू शकतो. मध्ये डोंगर आला की लोराही गप्प.

शहरात, गाडीत फोन पुरे. सह्याद्रीत रेंज नसलेल्या वाटेवर टी-बीमची जोडी.