रोटरी इंजिनासाठीचा तयार ट्यून्ड एक्झॉस्ट : धातूकाम अव्वल, सायलेन्सर मात्र कच्चा

पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरणाऱ्या माझदाच्या १३बी रोटरी इंजिनावर स्वतः विमान बांधणाऱ्यांसाठी एका छोट्या कार्यशाळेने बनवलेला एक्झॉस्ट संच मी माझ्या दोन आसनी विमानावर बसवला आहे. प्रत्येक रोटरसाठी एक स्वतंत्र नळी, त्या दोन्ही एकत्र येतात तो कलेक्टर, सायलेन्सर आणि शेवटची बाहेर पडणारी नळी, असा हा संच आहे. ‘क्रूझच्या वेगासाठी ट्यून केलेला’, म्हणजे नेहमीच्या सरळ उड्डाणातील वेगाला दाबाच्या लाटांचा फायदा मिळेल अशा बेताने बनवलेला, असे त्याचे वर्णन केले जाते आणि किंमतही त्याच जोरावर लावली जाते. वापरानंतर माझे मत असे झाले आहे की, हा संच घेण्याजोगा आहे, पण ट्यूनिंगसाठी नव्हे. तो उष्णतेत टिकतो म्हणून.

१३०८ घनसेंटीमीटरच्या या इंजिनात एक्झॉस्टचे वायू ९०० अंश सेल्सिअसच्या वर सहज जातात. लांबट, पसरट दहनकक्षात ज्वलन रेंगाळते, पुरते न जळलेले इंधन पोर्टमधून, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या छिद्रातून, बाहेर येऊन जळत राहते आणि ही सगळी उष्णता नळीच्या माथी येते. पिस्टन इंजिनातील एक्झॉस्ट व्हॉल्व्ह येथे नसल्याने इंजिनाला तिची फारशी झळ लागत नाही. नळी मात्र सुटत नाही. शिवाय अपेक्स सील (रोटरच्या टोकावरची, वायू अडवणारी पट्टी) पोर्टवरून सरकताच पोर्ट एकदम उघडतो, त्यामुळे दाबाचा धक्का अतिशय तीव्र असतो. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर प्रत्येक नळी सेकंदाला असे १०० धक्के सोसते.

साध्या ३०४ जातीच्या स्टेनलेसला हे झेपत नाही. वारंवार तापून थंड होण्याच्या वापरात त्याची मर्यादा साधारण ८७० अंशांची. त्यापुढे पापुद्रे सुटतात आणि वेल्डिंगच्या कडेने भेगा जातात. या संचात पोर्टपासून कलेक्टरपर्यंतचा भाग इन्कोनेल ६२५ या निकेल-क्रोमियम मिश्रधातूचा आहे आणि पुढचा भाग टायटॅनियम मिसळलेल्या ३२१ स्टेनलेसचा. वजन आणि खर्च यांचा विचार करता ही विभागणी शहाणपणाची आहे. मी सर्वांत आधी नळीच्या आत दिवा धरून वेल्डिंगचे मूळ पाहिले. आतून आर्गॉन न सोडता वेल्डिंग केले की तेथे काळपट, खडबडीत दाणे धरतात आणि नेमकी तेथूनच भेग सुरू होते. येथे आतली रेघ बाहेरच्या रेघेइतकीच गुळगुळीत आणि रुपेरी निघाली. फ्लँज (नळी इंजिनाला जोडणारी चकती) जाड असून त्याचा पृष्ठभाग नळी जोडून झाल्यानंतर पुन्हा सपाट केलेला आहे, म्हणून गॅस्केट अजून कोठेही फुंकले गेलेले नाही. तापल्यावर मीटरभर स्टेनलेस नळी सुमारे १४ मिलिमीटर वाढते. ती वाढ सामावण्यासाठी कलेक्टरपाशी सरकता सांधा दिला आहे आणि तो आवळून धरणाऱ्या स्प्रिंगा नळीपासून दूर, उंच आकड्यांवर ठेवल्या आहेत, म्हणजे त्या तापून ढिल्या पडत नाहीत. इतक्या बारकाईने केलेले काम या क्षेत्रात क्वचितच पाहायला मिळते.

आता ट्यूनिंगविषयी. दाबाची लाट कलेक्टरपर्यंत जाते, तेथे क्षेत्रफळ वाढल्यामुळे उलट होऊन कमी दाबाची लाट म्हणून परतते आणि इनटेक (हवा-इंधन आत घेणारा) व एक्झॉस्ट दोन्ही पोर्ट उघडे असण्याच्या क्षणी ती पोर्टपाशी पोहोचली, तर जळलेला वायू ओढून घेते, हे तत्त्व खरेच आहे. अडचण अंतराची आहे. ९०० अंशांच्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ६७० मीटर असतो, म्हणजे मीटरभर नळीत लाटेच्या जाण्यायेण्याला ३ मिलिसेकंद लागतात. ६००० फेऱ्यांवर तेवढ्या वेळात शाफ्ट जेमतेम १०८ अंश फिरतो. १३बीच्या परिघावरील एक्झॉस्ट पोर्टच्या बाबतीत मात्र, तो उघडल्यापासून त्या उपयोगी क्षणापर्यंत शाफ्टचा जवळजवळ एक पूर्ण फेरा होतो. पहिलीच लाट कामी यायची तर तीन मीटरांहून लांब नळी हवी, आणि तेवढी जागा कोणत्याही काउलिंगखाली (इंजिनावरच्या आवरणाखाली) नसते. आखूड नळीत मिळतो तो तिसऱ्या परतीच्या, बऱ्याच क्षीण झालेल्या लाटेचा फायदा. त्यातही मूळ बाजूचे इनटेक पोर्ट ठेवले असतील तर दोन्ही पोर्ट एकाच वेळी उघडे राहण्याचा काळच थोडा असतो.

जमिनीवर, त्याच स्थिर कोनाच्या प्रोपेलरवर आणि सारख्याच हवेत, जुन्या आखूड नळ्यांच्या तुलनेत पूर्ण थ्रॉटलला फेरे थोडे वाढलेले दिसले. प्रोपेलर घेतो ती शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे फेऱ्यांत एक टक्का वाढ ही शक्तीत जवळपास तीन टक्क्यांची वाढ असते. त्यामुळे हा फरक अगदीच तुच्छ मानता येणार नाही. मात्र त्यातला किती वाटा लाटेचा आणि किती नुसत्या मोकळ्या मार्गाचा, हे सांगणे अवघड आहे, आणि संच कोणत्या फेऱ्यांसाठी ट्यून केला आहे याचा आकडा सोबतच्या पत्रकात कोठेच नाही. ट्यूनिंगच्या नावाने पैसे घेणाऱ्याने तो द्यायलाच हवा. माझदाच्या आरएक्स-८ मोटारीतील रेनेसिस इंजिन वापरणाऱ्यांनी तर या शब्दाला मुळीच भुलू नये. त्यात एक्झॉस्ट पोर्ट बाजूला आहेत, इनटेक आणि ते एकाच वेळी अजिबात उघडे नसतात, आणि मधला पोर्ट दोन्ही रोटर मिळून वापरतात. तेथे मागचा दाब कमी ठेवणे एवढेच साधण्यासारखे असते.

माझी खरी तक्रार सायलेन्सरबद्दल आहे. आवाज तो चांगला दाबतो. कानठळ्या बसवणारी रोटरीची कर्कश धार बरीचशी जाते. पण आतली भोके पाडलेली नळी दोन्ही टोकांना पक्की वेल्ड केलेली आहे. बाहेरच्या कवचावर थंड हवा लागते, आतली नळी लालभडक होते आणि तिला वाढायला जागाच उरत नाही. ठरावीक तपासणीच्या वेळी रबरी हातोडीने ठोकल्यावर आतून खुळखुळ ऐकू आली. मागच्या तोंडातून बोरस्कोप (आत पाहण्याची बारीक दुर्बीण) घातला तेव्हा वेल्डिंगलगत अर्ध्या घेरापर्यंत गेलेली भेग स्पष्ट दिसली. असा तुकडा सुटून बाहेर पडण्याच्या तोंडाशी अडकला तर उड्डाणातच इंजिनाची शक्ती जाते, म्हणून ही बाब किरकोळ समजता येत नाही. कार्यशाळेने खळखळ न करता नवा सायलेन्सर पाठवला, याचे श्रेय तिला द्यायलाच हवे, पण त्याची आतली रचना तीच होती. अखेर मी त्यातील नळीचे मागचे टोक कापून ते कड्यात मोकळे सरकेल असे करून घेतले. तेव्हापासून भेग आढळलेली नाही.

बसवणे सोपे आहे, पाने-स्क्रू नेहमीचेच लागतात. नळ्यांचे वजन इंजिनावरच पेलले जाईल असे आधार दिले आहेत, हे योग्यच. केबिन तापवण्यासाठी सायलेन्सरभोवती लावायचे जॅकेटही वेगळे मिळते, पण मी ते घेतले नाही आणि कोणी घेऊही नये : इतक्या तापणाऱ्या पत्र्याला भेग गेली तर कार्बन मोनॉक्साइड थेट केबिनमध्ये येतो, आणि पाण्याने थंड होणाऱ्या या इंजिनात गरम पाण्याचा हीटर सहज लावता येतो. मागणी नोंदवताना हेडर (रोटरच्या दोन्ही नळ्या) आणि कलेक्टर निःशंकपणे घ्यावेत. सायलेन्सरची आतली नळी एका टोकाला मोकळी ठेवून देणार असाल तरच तो हवा, हे मात्र आधी लेखी कळवावे.