रिव्हेंडेलवर आठ महिने : आमच्या सामुदायिक रेडिओचा अनुभव

दिवाळीपर्यंत आमचं प्लेआउट (गाणी-कार्यक्रम एकामागून एक प्रसारणावर लावायची सोय) म्हणजे एक जुना कॉम्प्युटर, साधा म्युझिक प्लेअर आणि शेजारच्या खुर्चीत बसलेला कोणीतरी. तो चहाला गेला की पुढचं गाणं त्याच्या चहावर अवलंबून. नोव्हेंबरात रिव्हेंडेल हे रेडिओ आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर बसवलं. लिनक्सवर चालतं, फुकट आहे, सोर्स कोड खुला आहे. आता पालख्या पुण्यातून पुढे गेल्या, म्हणजे सगळे ऋतू नाही तरी बरेचसे घोळ बघून झालेत.

बसवायला एक रविवार लागला. गाणी भरायला तीन महिने. आमच्या हार्ड डिस्कवर 'ट्रॅक ०१', 'नवीन फोल्डर ३', 'आजी फायनल फायनल' असा ऐवज. रिव्हेंडेलमध्ये गाणं, जिंगल, मुलाखत अशा प्रत्येक गोष्टीला सहा आकडी नंबराचं 'कार्ट' मिळतं आणि कार्टच्या पोटात एक किंवा अनेक 'कट'. लसीकरणाच्या निवेदनाचे चार कट एका कार्टात टाकले की ते आळीपाळीने वाजतात. कटाला सुरू-बंद तारीख देता येते, म्हणजे दिवाळीच्या शुभेच्छा होळीला वाजत नाहीत. आमच्याकडे पूर्वी वाजल्या आहेत.

पण नावं नीट भरली नाहीत तर काही खरं नाही. एकाच गायिकेची गाणी लागोपाठ लागू नयेत म्हणून शेड्युलरला, म्हणजे गाणी निवडून क्रम लावणाऱ्या भागाला, अंतर सांगता येतं. मात्र 'लता मंगेशकर', 'लताबाई' आणि 'लता एम' या त्याच्या लेखी तीन वेगळ्या बायका! एका सकाळी तिघी ओळीने गायल्या. तेव्हापासून नावं भरायचं काम एकाच मुलीकडे आहे आणि तिच्यापुढे कोणाचं चालत नाही.

जागेचा हिशोब आधी करा. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट स्टिरिओची वेव्ह फाइल (न दाबलेला आवाज) ठेवली तर मिनिटाला साधारण ११.५ एमबी, म्हणजे चार मिनिटांचं गाणं ४६ एमबी. ३,००० गाण्यांना १३८ जीबी. बॅकअप धरून दुप्पट.

सगळ्यात जास्त शिकवलं ते जात्यावरच्या ओव्यांनी. मुळशीकडच्या बायकांचं रेकॉर्डिंग आत घेतलं आणि ऐकतो तर ओवी एकदम शब्दावरच सुरू! जात्याची घरघर गायब. रिव्हेंडेल फाइल घेताना सुरुवातीची शांतता आपोआप ओलांडतं, आणि हलकी घरघर त्याला शांतताच वाटली. मूळ आवाज कापला जात नाही, फक्त सुरुवातीची खूण पुढे सरकते. त्यामुळे मार्कर मागे ओढला की काम झालं. पण दोनशे ओव्यांचे मार्कर हाताने ओढून बघा. ओव्या आणि शास्त्रीय संगीत (तानपुरा!) यांच्या ग्रुपसाठी ही आपोआप शांतता ओलांडायची सोय, म्हणजे ऑटोट्रिम, बंद ठेवायचं, हे आता भिंतीवर लिहिलंय. आवाजाची पातळीही ते सर्वांत उंच टोक पाहून ठरवतं, कानाला किती मोठं लागतं ते पाहून नाही. म्हणून लावणीनंतर आजींची मुलाखत लागली की श्रोते आवाज वाढवतात आणि पुढच्या जिंगलला दचकतात. त्यावर उपाय बाहेरच्या ऑडिओ प्रोसेसरचा, म्हणजे आवाज एकसारखा करणाऱ्या यंत्राचा.

हार्डवेअरमध्ये एकच छळ झाला : भुणभुण. मदरबोर्डच्या साउंड कार्डातून मिक्सरला साधी वायर जोडली होती. ५० हर्ट्झचा तो भुंगा तीन आठवडे सोबतीला होता. शेवटी बॅलन्स्ड आउटपुटचा (वायरीत शिरलेली भुणभुण रद्द करणारा) ऑडिओ इंटरफेस, म्हणजे बाहेरचं साउंड कार्ड, घेतला, तपकीर गल्लीतून एक्सएलआरच्या पिना आणून वायरी स्वतः झाळल्या, आणि भुंगा गेला.

रोजचं काम सोपं आहे. इव्हेंट (गाणं, जिंगल, निवेदन असे तुकडे) जोडून तासाचं घड्याळ, घड्याळं जोडून आठवड्याची ग्रिड, आणि ग्रिडवरून उद्याचा लॉग, म्हणजे दिवसभर काय वाजणार याची यादी. तो रात्री आपोआप तयार होतो. एकदा डिस्क भरल्यामुळे झाला नाही. मध्यरात्री लॉग संपला आणि सकाळी सहापर्यंत आम्ही शांतता प्रसारित केली. एकाही श्रोत्याने फोन केला नाही, हे जास्त लागलं. आता दोन दिवसांचे लॉग आधीच तयार असतात.

गुरुवारी लाइट जाते म्हणून यूपीएस आहेच. शिवाय बायॉसमध्ये वीज परतताच मशीन सुरू होण्याची सोय चालू केलीय आणि रिव्हेंडेलला आधीचा लॉग उघडायला सांगितलंय.

एक गोष्ट मात्र वेगळी करावी लागली. सामुदायिक रेडिओच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे प्रसारित झालेलं सगळं तीन महिने जपून ठेवावं लागतं. त्यासाठी दुसरं छोटं मशीन चोवीस तास ६४ केबीपीएसवर रेकॉर्ड करतं. ९० दिवसांचे जेमतेम ६२ जीबी.

दिसायला सॉफ्टवेअर जुनाट आहे, नव्या मुलांना पहिल्या दिवशी सरकारी कचेरीत आल्यासारखं वाटतं. आठवड्यात रुळतात. आमची मोठी फजिती मात्र जुन्या माणसानेच केली, म्हणजे मीच. पालखीच्या दिवशी भवानी पेठेतून थेट बोलणं घ्यायला एअरप्ले, म्हणजे रिव्हेंडेलचा गाणी वाजवणारा पडदा, ऑटोवरून मॅन्युअलवर टाकलं, कार्यक्रम छान झाला, एक अभंग लावला आणि दर्शनाला निघालो. अभंग संपला. मॅन्युअलवर पुढचं काही आपणहून लागत नाही.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओच्या दारावर पाटी होती : 'जाताना दिवा व पंखा बंद करावा. ऑटो मात्र चालू करावे. ज्येष्ठांनीही.'