रिमोट, पेन ड्राइव्ह की नवी डिस्क? चौकटीत अडकलेल्या जुन्या डीव्हीडींसाठी

गणपतीत मुंबईकर घरी आले, आरत्या-भजनं उरकली, जेवणं झाली की कपाटातली लग्नाची ‘सीडी’ बाहेर निघतेच. वेंगुर्ल्याच्या घरी २००७ मधल्या लग्नाची डीव्हीडी नव्या ३२ इंची टीव्हीवर लावली, तर चित्र मधोमध पोस्टाच्या तिकिटासारखं आणि चारी बाजूंना काळं. चुलतभावाने रिमोट हिसकावून कसलंसं बटण दाबलं. पडद्याची रुंदी भरली. आणि आरामखुर्चीतून थोरले काका ओरडले, “अरे, मी असो फुगल्यासारखो कित्याक दिसतंय?”

काकांची तक्रार रास्त होती. जुना डबा टीव्ही ४:३ आकाराचा, म्हणजे चार भाग रुंद तर तीन भाग उंच. त्यावर रुंद चित्र दाखवायचं तर वर-खाली काळ्या पट्ट्या येणारच. आमच्या व्हिडिओवाल्याने त्या काळच्या फॅशनप्रमाणे त्या पट्ट्या थेट चित्रातच टाकल्या होत्या. नवा टीव्ही १६:९. तो त्या ४:३ चौकटीला मान देतो आणि डावी-उजवीकडे आपल्या पट्ट्या लावतो. वरच्या-खालच्या डिस्कच्या, बाजूच्या टीव्हीच्या. ३२ इंची पडदा साधारण ७१ सेंमी रुंद, ४० सेंमी उंच असतो. त्यात सिनेमास्कोप म्हणजे २.३५:१ चित्र असं अडकलं की उरतं ५३ बाय साडेबावीस, म्हणजे पडद्याचा निम्माही भाग नाही.

भावाने दाबलं ते ‘वाइड’. ते चित्र फक्त आडवं ताणतं, म्हणून काका फुगले. हवं होतं ‘झूम’.

पण झूमच्याही आधी एक गोष्ट बघायची, कारण बऱ्याच घरांत गोष्ट तिथेच मिटते. काळं नेमकं कुठे आहे? फक्त डावी-उजवीकडे असेल तर चित्रीकरणच ४:३ आहे. त्याला हात लावू नका, झूम केलंत तर नवरीच्या मुंडावळ्या आणि नवऱ्याचा फेटा छाटला जाईल. फक्त वर-खाली असेल तर सिनेमाच तेवढा रुंद आहे, काही बिघडलेलं नाही. चारी बाजूंनी असेल तर आधी प्लेअरकडे संशयाने बघा. डबा टीव्ही गेला, पण प्लेअरच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा आकार अजून ‘४:३ एलबी’ (लेटरबॉक्स, म्हणजे वर-खाली पट्ट्या) वर असतो, आणि मग चांगली रुंद डिस्कसुद्धा प्लेअर स्वतःच चौकटीत कोंबतो. डिस्क बाहेर काढून सेटअपमध्ये जा (बऱ्याच प्लेअरांत डिस्क चालू असताना हा पर्याय बदलत नाही), १६:९ करा, परत लावा. पडद्याची रुंदी भरली तर पुढचं वाचायची गरजच नाही.

नाही भरली, तर डिस्क खरोखरच चौकटवाली आहे. मग तीन वाटा.

पहिली वाट रिमोटची. झूम चित्राला आडवं आणि उभं सारखंच वाढवतो, दोन्हीकडे १.३३ पट, म्हणून चेहरे बिघडत नाहीत. कापली जाते ती काळी पट्टीच. फुकट, तात्काळ, आणि मूळ डिस्कला धक्का नाही. पण सबटायटल खालच्या काळ्या पट्टीत लिहिलेली असली तर ती पट्टीबरोबर जातात. काही टीव्हींवर झूमनंतर चित्र वर सरकवता येतं, तेवढाच दिलासा. काही टीव्ही एचडीएमआयवर झूम देतच नाहीत, तिथे पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची जुनी केबल लावून बघा. आणि ‘ऑटो’च्या नादी लागू नका. आमच्याकडे जत्रेतल्या दशावताराची एक रात्रीची डिस्क आहे. कोपऱ्यात अंधार पडला की टीव्हीला वाटतं पट्टी आली, राक्षस मंचावर आला की वाटतं पट्टी गेली. चित्र आत-बाहेर, आत-बाहेर. बघणाऱ्याला गरगरतं.

माझं मत विचाराल तर बाजारातल्या सिनेमाच्या डिस्कांसाठी इथेच थांबा. त्यांना बहुतेकदा कॉपी रोखणारं कुलूप असतं, ते फोडण्यात कायद्याचा प्रश्न येतो, आणि तोच सिनेमा नव्या रुंद प्रतीत मिळत असेल तर ती घेणं केव्हाही सरस. लग्न, मुंज, दशावतार, आजीची पंचाहत्तरी, यांची दुसरी प्रत कुठे मिळणार? खटपट करायची ती यांच्यासाठी.

दुसरी वाट पेन ड्राइव्हची. डिस्क लॅपटॉपवर उतरवायची, काळं कापायचं, एमपी४ फाइल करायची. हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर पट्ट्या आपोआप ओळखून कापतं, पण अंधाऱ्या चित्रीकरणात तेही फसतं. प्रीव्ह्यूत दोन-चार उजेडाचे प्रसंग बघा आणि आकडे हाताने घाला. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डिस्कवर चौकट ५७६ ओळींची असते. त्यात १६:९ चित्र ४३२ ओळींत बसतं, म्हणजे वरून ७२ आणि खालून ७२ कापायच्या. कापल्यावर दाखवायचा आकार ७६८ बाय ४३२ च्या आसपास आला की समजायचं गणित जुळलं.

जपायची खरी जागा वेगळीच आहे. त्या काळचे कॅमेरे इंटरलेस्ड चित्र घेत. एका फ्रेमच्या एकाआड एक ओळी दोन वेगळ्या क्षणांच्या, सेकंदाला अशा ५० अर्ध्या फ्रेमा. हे नीट न सोडवता चित्र मोठं केलं की हलणाऱ्या हाताला कंगव्याचे दात फुटतात. दशावतारात देव-राक्षसाचं युद्ध सुरू झालं, गदा फिरली, की पडद्यावर नुसत्या रेघा. मी पहिल्यांदा साधं डीइंटरलेस करून (म्हणजे दोन अर्ध्यांची एकच फ्रेम करून) सेकंदाला २५ फ्रेमा ठेवल्या. रेघा गेल्या, पण गिरक्या अडखळू लागल्या. मग ‘बॉब’ (प्रत्येक अर्ध्या फ्रेमची वेगळी पूर्ण फ्रेम करणारा पर्याय) निवडून फ्रेमरेट ५० केला तेव्हा गिरकी पुन्हा गिरकी झाली. फाइल थोडी फुगते, फुगू दे. दोन तासांची फाइल माझ्याकडे दीड जीबीच्या आसपास बसली. चार जीबीच्या वर गेली तर एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह ती घेत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

वेळ मात्र जातो. माझ्या जुन्या लॅपटॉपला दोन तासांच्या लग्नासाठी जवळजवळ तेवढाच वेळ लागला. डेस्कटॉपवर करणार असाल तर पावसाळ्यात करू नका. दीड तास झाल्यावर लाइट गेली की पुन्हा श्रीगणेशा.

एवढं नको वाटलं तर अधली सोय आहे: लॅपटॉप टीव्हीला जोडा, व्हीएलसी या फुकट प्लेअरमध्ये डिस्क लावा आणि कीबोर्डवरचं ‘सी’ दाबत राहा. क्रॉप १६:९ वर आलं की पडदा भरतो. एका संध्याकाळपुरतं हे झकास.

तिसरी वाट नव्या डिस्कची. त्याच ४३२ ओळी उभ्या ताणून ५७६ करायच्या, पुन्हा एमपीईजी-२ या डीव्हीडीच्या फॉरमॅटमध्ये बांधायच्या आणि डिस्कवर १६:९ ची खूण ठेवायची. डिस्कवर माणसं उंच-बारीक साठवलेली असतात, दाखवताना टीव्ही ती बाजूंना पसरवून सरळ करतो. यालाच अ‍ॅनामॉर्फिक म्हणतात. एनटीएससी (अमेरिकी पद्धतीची) डिस्क असेल तर ४८० पैकी वर-खाली ६० कापून उरलेल्या ३६० ताणायच्या. नुसती खूण बदलणारी सॉफ्टवेअरं आहेत, दोन मिनिटांत काम करतात, आणि काकांना पुन्हा फुगवतात. कापणं आणि ताणणं टळत नाही.

इथे तोटे जास्त. आधीच कॉम्प्रेस केलेलं चित्र पुन्हा कॉम्प्रेस होतं, जुना मेनू जातो, आणि इंटरलेसची काळजी इथेही तेवढीच. फाइलच्या मानाने चित्र उजवं तर नक्कीच नसतं. तरीही मी एक डिस्क केली, कारण काकीला पेन ड्राइव्हचं फोल्डर-बिल्डर जमत नाही. डिस्क घातली, प्ले दाबलं, एवढंच तिला येतं आणि दुपारी घरात ती एकटीच असते.

कुठल्याही वाटेने गेलात तरी नवीन बारकावा येत नाही. ४३२ ओळी त्या ४३२ च, सिनेमास्कोप असेल तर जेमतेम ३२७. ‘एचडी करून देतो’ म्हणणाऱ्या स्टुडिओवाल्याला आधी पाच मिनिटांचा नमुना करून दाखवायला सांगा. ४३ इंचीच्या वर टीव्ही असेल तर झूमनंतर चित्र मऊ दिसणारच, खुर्ची हातभर मागे घ्या.

घाई करायची असेल तर ती कापाकापीची नको, उतरवून घेण्याची करा. आमच्या दमट, खाऱ्या हवेत सहापैकी दोन डिस्कांवर बुरशीचे ठिपके आले होते. मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसल्यावर एक वाचली. दुसरी सप्तपदीपर्यंत चालते आणि अडकते. म्हणून आधी सगळ्या डिस्कांच्या व्हीओबी फाइली (डीव्हीडीवरच्या मूळ व्हिडिओ फाइली) जशाच्या तशा हार्ड डिस्कवर घेतल्या, कापणं नंतर सावकाश केलं.

दिवाळीत काकीची नवी डिस्क लावली. वरात आली, मंडपाच्या दाराशी काका उभे, पूर्ण रुंदीत. काका आरामखुर्चीतून पुढे वाकले, चष्मा कपाळावर सरकवला. “आता माणसासारखो दिसतंय,” म्हणाले, आणि मग काकीकडे वळून, “पण तो सदरो खंय गेलो?”