चॅन्सी की ब्लिसी?

नाशिकला कॉलेज रोडवर मिसळीवर तर्री ओतता ओतता दादाशी वाद जुंपला: पोकेमॉन गेमच्या टीममध्ये भिंत म्हणून, म्हणजे मार झेलत टिकायला, चॅन्सी की तिचंच पुढचं रूप ब्लिसी?

कागदावर चॅन्सी सरस. एव्हिओलाइट ही वस्तू (पुढचं रूप अजून बाकी असलेल्यांनाच लागू पडणारी) दिली की तिचे दोन्ही डिफेन्स, फिजिकल आणि स्पेशल, दीडपट. 105 चा स्पेशल डिफेन्स मग ब्लिसीच्या 135 च्याही पुढे. पण गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात, तसा हिचा त्या एका वस्तूत. हातातली वस्तू पाडणारा नॉक ऑफ हल्ला बसला की फिजिकल डिफेन्स उरतो बेस, म्हणजे मूळचा, 5. भिंत कसली, कुडाची ताटी! (ब्लिसीचाही 10च म्हणा.)

ब्लिसीला मात्र हेवी-ड्यूटी बूट्स घालता येतात. स्टेल्थ रॉकवर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने पेरलेल्या टोकदार दगडांवर, दर वेळी आत येताना जाणारा आठवा हिस्सा एचपी (जीव) वाचतो. सॉफ्ट-बॉइल्ड ही जीव भरून काढणारी चाल दोघींकडे. दादा चॅन्सीवर अडून बसलाय. मी ब्लिसीच घेणार. सारखी आत-बाहेर करणारीच्या पायात काहीतरी हवंच.